चार हप्ते

पिपरी मेघे, वर्धा
९ जून २०२५

ती. मामांस,
सप्रेम जय भीम.

परवा मामीच्या फोनवर आपण बोललो. म्हणजे मी मशीन घेण्याबद्दल विचारलं आणि तुम्ही "नाई, पाऊस नाई अजून इकडे" असं उत्तर दिलंत. मग मामीनं फोन हातात घेतला आणि म्हणाली, "त्यायनं कानाचं मशीन डब्यात ठेवलं आहे वो. तू कागदावर लिहून पाठव. पोस्टाचा माणूस आहे, कागद आला का दोनदा वाचतेत." म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून इतकं लांब पत्र मी लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखनाचे मार्क कापू नका.

लाँड्रीचं काम तुम्ही पाहिलं आहे. आठ वर्षांपूर्वी घरातल्या एका मशीनवर होस्टेलच्या पोरींचे कपडे घ्यायला लागले. आता तशी चार मशीन आहेत, दोन बाया कामाला आहेत आणि तीन होस्टेलच्या चादरी आपल्याकडे येतात. मागच्या महिन्यात इथल्या एका नव्या खाजगी दवाखान्यानं विचारलं. रोजचे दीडशे किलो, चादरी, अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे, एक ऑगस्टपासून. त्यांचं म्हणणं, कपडा कडक गरम पाण्यात धुतला पाहिजे आणि त्याच दिवशी वाळून परत आला पाहिजे. आपल्या घरगुती मशीनवर ते जमत नाही आणि पावसाळ्यात गच्चीवरची चादर दोन-दोन दिवस ओलीच राहते. आपण नाही म्हटलं तर नागपूरची लाँड्री टपूनच बसली आहे, त्यांची गाडी रोज येऊन कपडे घेऊन जाईल.

मोठं धुण्याचं आणि वाळवण्याचं, अशा दोन्ही मशीनचे मिळून नागपूरच्या डीलरनं नऊ लाख चाळीस हजार सांगितले. एकरकमी नगदी दिले तर चाळीस हजार कमी. माझ्याजवळ साडेतीन लाख साठले आहेत. बँकेत मी मे महिन्यातच कागद देऊन ठेवले. त्यांचं म्हणणं, दोन लाख पस्तीस हजार तुम्ही घाला, बाकीचे सात लाख पाच हजार आम्ही देतो, पाच वर्षं महिन्याला पंधरा हजार तीनशे कापून जातील. इकडे हिंगणघाटचे माझे भासरे, यांचे थोरले भाऊ रूपरावदादा, म्हणतात बँकेची पायरी चढूच नको. त्यांचं शेत रस्त्यात गेलं, त्याचे पैसे आलेले आहेत. ते सगळे नऊ लाख नगदी द्यायला तयार आहेत.

मला एवढंच पाहिजे की हा धंदा माझा राहावा आणि वर्षभरात बुडू नये. अडतीस वर्षं तुम्ही पोस्टात राहून लोकांच्या पैशाचं बरंवाईट पाहिलं. काय करू ते सांगा. जून संपायच्या आत उत्तर आलं तर बरं होईल, मशीन मागवल्यावर यायला दोन आठवडे लागतात.

तुमची भाची,
पौर्णिमा


तळेगाव (श्यामजी पंत)
१८ जून २०२५

चि. पौर्णिमास,
जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र पाचव्या दिवशी मिळालं. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पाच दिवस. मी पोस्टमास्तर असताना तिसऱ्या दिवशी मिळत होतं, हे मी पोस्टमनला सांगितलं. तो म्हणाला, "काका, पत्र येतेच कुठं आता? तुमचं पाहून मलेच नवल वाटलं." शुद्धलेखनात दोन चुका आहेत, त्या भेटीत सांगीन.

तुझी मामी म्हणते तसं पत्र दोनदा नाही, तीनदा वाचलं. आधी आनंद झाला तो लिहितो. दवाखाना तुझ्या दारात येतो म्हणजे तुझ्या हाताला किंमत आहे. तुझी आई पंचफुला असती तर तिनं आख्ख्या गल्लीत सांगून टाकलं असतं.

आता पैशाचं. माझं मत तुला ठाऊक आहे. मी किस्तीवर सायकलसुद्धा घेतली नाही. पहिल्या पगारापासून पैसे टाकत गेलो आणि चौदा महिन्यांनी नगदी मोजून सायकल आणली, तोपर्यंत पायी वाटलं टपाल. घरातली वस्तू आपली असावी, तिच्यावर दुसऱ्याचा हात नसावा, असं मला वाटतं. तुझे भासरे रूपराव देतो म्हणतात हा त्यांचा मोठेपणा. आजकाल सख्खा भाऊ देत नाही, इथं भावसुनेसाठी नऊ लाख काढतो माणूस. त्यांचे घेऊन टाक असंच मी लिहिणार होतो. पण रात्रभर विचार केल्यावर त्याहून बरं सुचलं. रूपरावांना सध्या हो म्हणू नको आणि नाहीही म्हणू नको.

माझं एवढं ऐक. चार हप्ते जाऊ दे, मग बाकीचं मी पाहतो. काय पाहतो, कसं पाहतो ते आत्ता विचारायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट पोटात ठेवायची हौस असते, ती पुरवू दे.

मामीनं मुगवड्या केल्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवते.

तुझा मामा,
गुलाब


पिपरी मेघे
२६ जून २०२५

ती. मामांस जय भीम.

तुमचं पत्र आजच हातात पडलं. मामा, खरं सांगते, तुम्ही नकारच लिहाल असं वाटलं होतं, म्हणून पाकीट फोडायला मी दुपारपर्यंत वेळ काढला. वाचून छातीवरचं ओझं उतरलं. तुम्ही म्हणता तसंच करते. चार हप्ते, कबूल. पुढचं तुमच्यावर सोडलं, काही विचारत नाही.

खूप धावपळ आहे, जास्त लिहीत नाही. मुगवड्या शेजारच्या पियुषच्या बाबांबरोबर पोचल्या, त्यातल्या निम्म्या यांनी कच्च्याच खाल्ल्या.

पौर्णिमा


तळेगाव (श्यामजी पंत)
१७ जुलै २०२५

चि. पौर्णिमास आशीर्वाद.

हे पत्र तुला मिळेल त्याच्या आधी बहुतेक मीच पोचलेला असेन, तरी लिहितो, कारण पोटात ठेवलेली गोष्ट आता राहत नाही.

सन २०१६ मध्ये मी निवृत्त झालो तेव्हा मिळालेल्या पैशांतून तीन लाखांची किसान विकास पत्रं घेतली होती. काल, सोळा जुलैला, त्यांची मुदत भरली. तिनाचे सहा झाले. तुला उत्तर लिहिलं तेव्हाच मी तारीख पाहिली होती, बरोबर चार हप्ते राहिले होते. तुझे तीन आणि माझे सहा मिळून नऊ. डीलरच्या तोंडावर नगदी मारू, चाळीस हजार वाचवू, आणि ना बँक ना रूपराव. तू मोठ्या समजूतदारपणे वाट पाहिलीस याचं मला कौतुक वाटलं.

पोस्टाच्या खिडकीवर आता रोशनी म्हणून नवी मुलगी आहे. तिनं विचारलं, "काका, एवढ्या पैशाचं काय करता?" मी म्हटलं, "भाचीले मशीन घेऊन देतो." तिनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण हसली.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतो. आर्वीला गाडी बदलून बारापर्यंत पोचीन. जेवायला फार करू नको, वरणभात आणि एक भाजी पुरे.

तुझा मामा,
गुलाब


तळेगाव (श्यामजी पंत)
२२ जुलै २०२५

पौर्णिमास,

शनिवारी मी तुझ्याकडे दीड तास होतो. त्यात बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

मी आलो तेव्हा मशीन चालू होतं. मला आधी वाटलं, दाखवायला आणलं असेल. मग तू ओरडून सांगितलंस, चौदा तारखेला बसलं. तुझ्या चेहऱ्यावर आनंद होता, दोघी बाया हसत होत्या, त्या आवाजात माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. मी मशीनच्या भोवती फिरलो. मागच्या बाजूला लाल रंगात लिहिलेलं वाचलं, हे यंत्र बँकेकडे तारण आहे. अक्षरं चांगली ठसठशीत आहेत, मला चष्मा लावावा लागला नाही.

चेक माझ्या पिशवीत होता, मामीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. तू जेवायला वाढलंस, मी जेवलो. भाजी चांगली होती. पिशवी जशी आणली तशी परत नेली.

वर्ध्याच्या बसस्टँडवर रूपराव भेटले. ते इतकं मोठ्यानं बोलतात की मला कानाच्या मशीनची गरज पडत नाही. म्हणाले, "मास्तर, म्या पुरे नऊ लाख देतो म्हटलं. पण तुमच्या भाचीनं कोणाचंच ऐकलं नाई. बँकेत जाऊन सही करून आली." मला त्यांच्यापुढं मान खाली घालावी लागली.

मी तुला चार हप्ते थांब म्हटलं होतं. तू लेखी कबूल केलं होतंस. फक्त चार हप्ते, पौर्णिमा. तुला तेवढाही धीर निघाला नाही, की मामाच्या बोलण्याला किंमत नाही, ते तूच ठरव. ऐकणार नव्हतीस तर विचारलंस कशाला. मला वाईट वाटलं आहे आणि ते मी लपवत नाही.

मामी खुशाल आहे.

गुलाब


पिपरी मेघे
६ ऑगस्ट २०२५

ती. मामांस जय भीम.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला आधी राग आला. तुमचं अठरा जूनचं पत्र मी कपाटातून काढलं आणि समोर ठेवलं. त्यात तुमच्याच अक्षरात आहे, "चार हप्ते जाऊ दे, मग बाकीचं मी पाहतो." मी पानभर भांडण लिहून काढलं. तुम्हीच सांगितलं चार हप्ते भर म्हणून, आता बोलता का, असं बरंच. शनिवारी तुम्ही जेवून गप्प निघून गेलात तेव्हा मला वाटलं होतं की गाडीचा त्रास झाला असेल. सतरा तारखेचं पत्र सोमवारी मिळालं, तेही मी अर्धवटच समजले. चार हप्ते राहिले होते म्हणजे काय, हे मला कळेना.

ते भांडणाचं पान यांनी वाचलं. चंद्रभान म्हणजे तुम्हाला माहीत आहे, कॉलेजची बस चालवतात आणि घरात बोलतात कमी. वाचून खुर्चीवर बसून हसायलाच लागले. म्हणाले, "अव, मामा आठवड्याले हप्ता म्हणून राह्यले. त्यायची किस्त वेगळी आणि हप्ता वेगळा. तू दोन महिने बँकेत जाऊन जाऊन बँकेची मराठी बोलून राह्यली."

मग मी पुन्हा वाचलं. खरंच, सायकलीच्या वेळी तुम्ही किस्त लिहिलं आहे. आमच्या बँकेत मात्र भिंतीवरच्या पाटीपासून साहेबापर्यंत सगळे महिन्याच्या पैशाला हप्ता म्हणतात. मी वाचलं ते असं, की कर्ज काढ, चार महिने तू भर, मग बाकीचं मामा पाहतील. बारा वर्षांची होईपर्यंत मीही हप्ता म्हणजे आठवडाच म्हणत होते. आठवडी बाजाराला आई "हप्त्याचा बाजार" म्हणायची.

पण मामा, नुसता शब्दावर दोष ढकलला तर ते खोटं होईल. किस्तीवर सायकल न घेतलेला माणूस मला कर्ज काढ म्हणून सांगेल का, हे एकदा तरी माझ्या मनात यायला पाहिजे होतं. आलंही होतं. मी ते बाजूला सारलं, कारण मला जे वाचायचं होतं तेच मी वाचलं. आणि पहिल्या पत्रात एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती, ती आता सांगते.

रूपरावदादा पैसे देणार होते ते खरं. पण ते म्हणाले होते, "बिल माह्या नावानं राहीन. घरातच तर आहे, कोणाच्याही नावानं असलं तरी काय फरक पडते? मशीन तूच चालवजो." ते मनानं वाईट नाहीत. त्यांना यात काही वावगं वाटलंच नाही. तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्हीही म्हणाला असता की घरातल्या घरात कसलं नाव घेऊन बसलीस. म्हणून लिहिलं नाही.

घराचं मीटर सासऱ्यांच्या नावावर आहे. लाँड्रीची पाटी यांच्या नावाची आहे, होस्टेलचे चेक यांच्या खात्यात येतात. यांनी त्यातला एक रुपया कधी अडवला नाही, हेही लिहिते. पण आठ वर्षं रोज चादरी धुऊन माझ्या नावाचा एक कागद नव्हता. बँकेत गेलो तेव्हा साहेबानं फॉर्म यांच्यापुढं सरकवला. हे म्हणाले, "सायेब, मी ड्रायव्हर आहे. लाँड्री हिची आहे, कागद तिच्यापुढं ठेवा." साहेबानं मला मॅडम म्हटलं. मी घरी येऊन त्या दिवशी रडले, आणि मला काही दुःख झालेलं नव्हतं.

मी आंधळेपणानं सही केली नाही. व्याज आणि सुटलेले चाळीस हजार मिळून नगदीपेक्षा मला दोन लाख त्रेपन्न हजार जास्त पडतात. सही करण्याआधी मी हे तीन वेळा मांडून पाहिलं. पण दवाखाना बिल दिल्यावर दोन महिन्यांनी पैसे देतो. माझे सगळे साडेतीन लाख मशीनमध्ये गेले असते तर या दोन महिन्यांत साबण, वीज आणि दोघींचा पगार कुठून काढला असता? आज माझ्या हातात एक लाखावर रक्कम आहे, त्यावरच सगळं चालू आहे. आणि रागावू नका, पण तुमच्या चार आठवड्यांनी मशीन मागवलं असतं तर ते ऑगस्टमध्ये आलं असतं. दवाखान्याचं काम एक तारखेला सुरू झालं. पहिल्याच दिवशी एकशे सत्तर किलो आले. रक्ताचे डाग आधी थंड पाण्यात काढून मग गरम पाणी सोडायचं, हे मीच बायांना शिकवलं, डीलरच्या माणसालाही ठाऊक नव्हतं.

काल पाच तारखेला पहिला हप्ता गेला. किस्त म्हणते हवं तर. मोबाइलवर निरोप आला, तुमच्या खात्यातून वजा. पैसे गेल्याचा निरोप वाचून बरं वाटलं असं पहिल्यांदाच झालं.

तुम्ही चेक घेऊन आलात आणि बांधलेलाच परत नेलात, याचं मला फार वाईट वाटतं. वरणभात वाढताना पिशवीत काय आहे हे मला कळलं असतं तर मी मशीन बंद करून आधी तुमच्याशी बोलले असते. पण ते पैसे देऊन माझं कर्ज फेडू नका. मशीनवरची लाल अक्षरं पाच वर्षांनी पुसायची आहेत, आणि ती मलाच पुसू द्या. यात तुमचा अपमान आहे असं वाटत असेल तर पुन्हा एकदा पत्र वाचा, तीनदा वाचता तसं.

तुमची,
पौर्णिमा


तळेगाव (श्यामजी पंत)
२९ ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमास,
जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

उत्तराला तीन हप्ते लागले. आठवडे म्हणतो, नाहीतर पुन्हा घोटाळा व्हायचा. उशीर पोस्टाचा नाही, माझा आहे.

तुझं पत्र वाचून मी आधी मामीला दाखवलं. ती हप्त्यावरून एवढी हसली की शेजारची बाई विचारायला आली. मग रूपरावांची अट वाचली आणि हसायची थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "पंचफुलाच्या मशीनचं सांगा तिले." मी म्हटलं, आता काऊन सांगायचं, पंचफुला राहिली नाही. ती म्हणाली, "म्हणूनच सांगा."

तुला आठवत असेल, तू दहा-अकरा वर्षांची असताना तुमच्या घरी शेवयांचं मशीन होतं, विजेवर चालणारं. उन्हाळ्यात गावातल्या बाया रवा-मैदा घेऊन रांगेत बसायच्या. ते मशीन मी घेऊन दिलं होतं. पंचफुलानं माझ्याकडे पैसे मागितले नव्हते. तिला महिला मंडळाकडून कर्ज मिळत होतं, तिच्या नावावर. मी म्हटलं, मी असताना माझ्या बहिणीनं किस्ती भरायच्या? आर्वीच्या दुकानात सात हजार दोनशे नगदी मोजले. दुकानदारानं विचारलं, बिल कोणाच्या नावानं? पंचफुला माझ्या शेजारी उभी होती. मी तुझ्या बाबांचं नाव सांगितलं. मला त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं वाटलंसुद्धा नाही. उलट जावयाचा मान राहिला म्हणून मी खूश होतो.

दोन उन्हाळे ती चालवत होती. तिसऱ्या वर्षी तुझ्या बाबांनी मोटारसायकल घ्यायला ते विकून टाकलं. तुम्हा मुलांना मशीन बिघडलं म्हणून सांगितलं असेल. बिघडलं नव्हतं. पंचफुला माझ्याकडे आली होती, पोस्टात, खिडकीपाशी. म्हणाली, "दादा, तू बोल ना त्यायच्याशी. तूच घेऊन देलं होतं." मी तिला म्हटलं, "बिल त्यायच्या नावाचं आहे बाई, मी काय बोलू?" तिच्या मागे दोन माणसं रांगेत होती. ती बाजूला झाली. त्यानंतर वर्षानुवर्षं ती माझ्याकडे येत राहिली, पण पैशाचं कधी काही बोलली नाही. मला वाटायचं, तिला कशाची गरज पडत नाही.

तू लिहिलं आहेस की तुम्हीही म्हणाला असता, घरातल्या घरात कसलं नाव. मी म्हणालो नसतो असं मी लिहू शकत नाही. नक्की म्हणालो असतो. शनिवारी तुझ्याकडे आलो असतो आणि मशीन आलेलं नसतं, तर डीलरकडे बिल लिहिताना मी चंद्रभानचं नाव सांगितलं असतं, आणि पुन्हा खूश होऊन घरी आलो असतो. तुझं वाचायला चुकलं म्हणून वाचलो. मी तुझ्यावर रागावलो होतो त्याची मला लाज वाटते. माफ कर.

तुझं कर्ज मी फेडणार नाही. एखाद्या महिन्यात पाच तारखेला कमी पडले तर लिही, उसने म्हणून देईन, आणि तू लिहून देशील तसे परत घेईन.

त्या सहा लाखांचं सांगतो. ते पुन्हा पोस्टातच टाकायचं ठरलं. रोशनीनं फॉर्म पुढं केला आणि मी सवयीनं माझं नाव लिहिलं. लिहिता लिहिता थांबलो. अडतीस वर्षं मी पोस्टात नोकरी केली, शेकडो पासबुकं माझ्या हातानं काढली, आणि तुझ्या मामीच्या नावाचं एकही नाही. मी दुसरा फॉर्म मागितला. तीन लाख माझ्या नावावर, तीन लाख सीताबाई गुलाब ताकसांडे या नावावर. तिचं पॅन कार्डच नव्हतं, ते येण्यात हे तीन आठवडे गेले.

काल तिला घेऊन पोस्टात गेलो. रोशनीनं तिला खुर्ची दिली. फॉर्म मीच भरत होतो. व्यवसायाच्या रकान्यात मी गृहिणी लिहायला लागलो. तिनं माझ्या हाताला धरलं आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली की मला सहज ऐकू आलं, "शेती लिहा. चाळीस वर्सं झाली, तुमी टपाल वाटत होते तवा निंदण, पेरणी मीच करून राह्यली."

मी शेती लिहिलं. खाली तिनं सावकाश पूर्ण नावाची सही केली.

सातबारा माझ्या एकट्याच्या नावावर आहे. सोमवारी मी तलाठ्याकडे जातो आहे.

तुझा मामा,
गुलाब